दूध डेअरीचा कोबा

मी चाळीस वर्षे मिस्त्रीकाम केले. माझ्या हातचा एकही सिमेंटचा कोबा भेग न पडता राहिला नाही, हे मी काम सोडेपर्यंत कधी कबूल केले नाही. 'केसाएवढी चालते,' असे सांगून ती सिमेंटच्या पाण्याने भरत असे.

दूध डेअरीत ती चालत नाही. भेगेत दूध मुरते, आंबते, वास जात नाही. पारनेर तालुक्यातील एका डेअरीचा, मीच केलेला कोबा यापायी उखडावा लागला. नव्या कोब्याचे काम माझ्या मुलीने घेतले. ती इंजिनिअर आहे. स्वतःच्या जबाबदारीवरचे हे तिचे पहिलेच काम. तो कोबाही भेगाळला असता, तर तालुक्यात तिला दुसरे काम मिळाले नसते.

तिने कोरड्या सिमेंटमध्ये साखरेसारखी पांढरी भुकटी मिसळली. लहान मुलांच्या डायपरमध्ये असते, त्याच जातीची. ती पाणी पिऊन फुगते आणि काँक्रीट आतून सुकू लागले की ते हळूहळू सोडते. त्यामुळे काँक्रीट कमी आकसते आणि भेगाळत नाही, असे तिचे म्हणणे.

"मिस्त्री, आता कोब्याला बी लंगोट का?" मुकादम म्हणाला. गडी हसले. मी तिच्या मदतीला गेलो होतो, पण तिची बाजू घेतली नाही.

मिक्सरमधून माल घट्ट निघाला. मी सवयीने पाण्याची बादली उचलली.

"आप्पा, बादली खाली ठेवा."

"माल कोरडा आहे."

"दिसतोय कोरडा. पाणी भुकटीनं धरून ठेवलंय. वरून ओतलंत, तर तुमच्या कोब्यासारखा होईल."

सगळ्यांसमोर बोलली. मी बादली ठेवली. कोब्यावर ओले गोणपाट मात्र तिने घालायला लावलेच; वरच्या उन्हावाऱ्याला भुकटी पुरत नाही, म्हणाली.

महिन्याने डेअरीचे चेअरमन पाहणीला येणार होते. त्या दिवशी मी केडगावच्या घरून पहिल्या एस.टी.ने निघालो. पिशवीत किलोभर सिमेंट आणि थापी होती. मुलीला सांगितले नव्हते.

कोब्यावर पाणी ओतून उकिडवा बसलो. वरचे पाणी सुकते, भेगेतले मागे राहते. काळी रेघ उमटते. माझ्या प्रत्येक कोब्यावर ती उमटली होती. येथे दारापासून मोरीपर्यंत सगळे सुकले. रेघ नव्हती. पुन्हा ओतले. पुन्हा नव्हती. मग मी भिंतीला टेकून बसलो.

मुलगी दारात आली होती. पिशवीतून थापीची मूठ डोकावत होती.

"पिशवीत काय आहे, आप्पा?"

"सिमेंट. इथून घरी नेतोय, न्हाणीचा कठडा फुटलाय."

"थापीसुद्धा इथूनच न्यायची होती का?"

मी पिशवी बंद करून उचलली. ती हसली आणि चेअरमनना फोन लावायला बाहेर गेली.

दुपारी घरी येऊन कठडा लिंपला. माल घट्ट ठेवला.