काकूंचं जांभळं वावर आणि दोन कॅमेरे

शेलूबाजारला बसमधून उतरले तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक कॅमेरा होता. पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि चार्जर जास्त होते. सकाळचे आठ वाजले होते. महामार्गाच्या कडेला जीपगाड्या उभ्या होत्या आणि चालक गावांची नावं अशी ओरडत होते की ऐकणाऱ्याला न जाता राहवू नये. मला जायचं होतं इंझोरीला. तिथे थेट जाणारी जीप नव्हती. मंगरुळपीरला उतरून दुसरी धरावी लागणार होती, हे मी तीन वेळा विचारून घेतलं. तिन्ही वेळा इतक्या हळू विचारलं की समोरच्याला "काय?" म्हणावंच लागलं.

जीपमध्ये माझ्या शेजारी पोहरादेवीला निघालेल्या एक आजी होत्या. त्यांनी बराच वेळ माझ्या मांडीवरच्या कॅमेऱ्यांकडे पाहिलं.

"दोन दोन कॅमेरे कायले वं? लग्नाचं काम हाय काय?"

"नाही. एक निवडायचा आहे."

"मंग घरीच निवडाचा ना बाप्पा! इतक्या दूर दोन्हीचं वझं कायले आनलं?"

सगळी जीप हसली. मी खिडकीबाहेर पाहू लागले. पण आजींचं बरोबर होतं.

पहिल्या नोकरीच्या वर्षभरात बाजूला टाकलेल्या पैशांत एकच कॅमेरा बसत होता. एक होता ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा डीएसएलआर. सुरुवातीचं मॉडेल, सोबत एकच छोटी लेन्स, फारसा न वापरलेला. दुसरा माझ्या मामाचा ब्रिज कॅमेरा. याची लेन्स काढता येत नाही, पण तीच पुढे सरकत सरकत दूरच्या झाडावरचा पक्षी जवळ आणते. दोघांनी चार दिवस वापरून बघायला दिले होते. सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं, नाहीतर डीएसएलआर दुसरा कोणी घेणार होता. पुण्यातल्या आमच्या फोटोच्या गटात सगळ्यांचं एकच मत होतं: ब्रिज म्हणजे तडजोड. मलाही तसंच वाटायचं. फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ब्रिजमधून माणसांच्या जवळ न जाता त्यांचे फोटो काढता येतात, आणि मला ते फार सोयीचं वाटतं.

इंझोरी माझ्या मैत्रिणीचं, प्रज्ञाचं गाव. आम्ही दोघी येणार होतो, पण ऐनवेळी तिची रजा नामंजूर झाली. "तू जा, आई वाट पाहून राह्यली," ती म्हणाली. एकटीने अनोळखी घरी राहायला मला नको वाटत होतं. फाट्यावर तिची आई, उषाकाकू, स्वतः घ्यायला आल्या होत्या. उंच, उन्हाने रापलेल्या, डोक्याला रुमाल. त्यांनी न विचारता माझी पिशवी उचलली आणि चालू लागल्या.

घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि प्रज्ञाचा पदवीचा फोटो. काका वाशिमला नोकरीला, महिन्याअखेरीस येतात. दुपारी ज्वारीची भाकर, ठेचा आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी. मी एक भाकर खाऊन थांबले तर काकू म्हणाल्या, "शहरात एवढंच खातेत? मंग दोन कॅमेरे कसे उचलतं?" तिसऱ्या भाकरीला मी हो म्हटलं.

संध्याकाळी त्या चुलीपुढे बसल्या असताना मी डीएसएलआर काढला. जाळाचा उजेड त्यांच्या एका गालावर पडला होता. मागची भांडी, भिंत, फडताळ सगळं मऊ अंधारात विरघळून गेलं आणि चेहरा तेवढा उजळून निघाला. तोच फोटो ब्रिजवर काढला तर सगळीकडे वाळू पसरल्यासारखे दाणे आले. निवड झाली, असं मी मनात म्हणून टाकलं.

काकूंनी पडद्यावर स्वतःला पाहिलं. "बरा हाय. पन उद्या मले एक दुसरा फोटो पायजे. त्याच्यासाठीच तुले बोलावलं म्हन ना."

मग त्यांनी सांगितलं. या हंगामात त्यांनी हरभऱ्याऐवजी सब्जासारख्या बारीक बियांचा चिया पेरला होता. आजूबाजूच्या कुणाच्याच वावरात (शेतात) तो नव्हता. कारंज्याला राहणारा त्यांचा मोठा भाऊ दर रविवारी यायचा, बहिणीच्या हातची भाकर खाऊन जायचा. पेरणीच्या दिवशी तो म्हणाला, "वावरात गवत पेरलं तू. हरनं दोन दिवसांत साफ करतीन." त्यावरून शब्दाला शब्द वाढला. तेव्हापासून तो आलाच नाही.

"हरनं रोज येतेत," काकू म्हणाल्या, "धुऱ्यावर (बांधावर) उभे राह्यतेत. आत पाय नाही टाकत. वासच आवडत नाही त्याइले. मी, माहं वावर अन् हरनं, तिन्ही एका फोटोत पायजे. थो फोटो मी भावाले पाठवतो."

"बोलून नाही सांगितलं?"

"सांगतलं ना. फोन ठेवून देते थो."

सकाळी सात वाजता आम्ही वावरात पोचलो. फुलांवर आलेला चिया मी पहिल्यांदाच पाहत होते. कमरेएवढी झाडं आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे. थंडीत सगळं वावर धुक्यासारखं दिसत होतं. आणि खरंच, पलीकडच्या धुऱ्याला लागून पडीक जमिनीवर हरणांचा कळप चरत होता. पंधरा-वीस असतील. मधे एक काळवीट, पिळदार शिंगांचा. चियात एकही नव्हतं.

मी डीएसएलआर काढला. काकू वावराच्या मधोमध उभ्या राहिल्या, मी चार पावलांवर. फोटो सुंदर आला. मागची फुलं पार विरघळून नुसता जांभळा रंग उरला होता. आमच्या गटात याला सगळ्यांनी वाहवा दिली असती. मी अभिमानाने पडदा पुढे केला.

काकूंनी तो डोळ्यांजवळ नेला. "माहं वावर कुठी गेलं?"

"ते मागे आहे. धूसर केलंय, म्हणजे तुमचा चेहरा..."

"चेहरा भावानं पन्नास वर्सं पाह्यला वं. हरनं कुठी हायेत?"

मी मागचं स्पष्ट येईल अशा सेटिंगवर पुन्हा काढला. आता फुलं दिसली, पण हरणं म्हणजे तिळाएवढे ठिपके. मागे सरकले तर हरणांबरोबर काकूही लहान झाल्या. मोठी लेन्स असती तर जमलं असतं, पण ती घ्यायला अजून एक वर्ष नोकरी करावी लागली असती.

तेव्हा मी ब्रिज काढला. मामाने एकदा सांगितलेलं आठवलं: आपण खूप लांब जायचं आणि झूम करून माणूस जवळ आणायचा, मग त्याच्या मागचंही जवळ येतं. मी काठाकाठाने मागे गेले. ओल्या चरात पाय गेला, चप्पल तिथेच राहिली. ती काढायला थांबले नाही. शेजारच्या वावरात बायकांची तुरीची सोंगणी (कापणी) चालली होती, पार त्या बायकांपर्यंत मागे आले. कॅमेऱ्यातून पाहिलं. काकू, फुलं आणि त्यांच्या खांद्यामागे हरणं, सगळं एका चौकटीत आणि सगळं स्पष्ट. फक्त काळवीट काकूंच्या डोक्यामागे लपला होता, बाकीच्यांच्या माना गवतात होत्या आणि काकू भलतीकडेच पाहत होत्या.

मी हाताने खुणा केल्या. काकूंनीही हात हलवला. फोन लावला तर तो त्यांनी घरीच ठेवलेला.

"काकू, थोडं डावीकडे सरकता का?" मी म्हणाले.

विळा थांबवून एक बाई म्हणाली, "अवं, तुहं मलेच आयकू नाही येऊन राह्यलं, तिले काय येईन?"

"घसा घरी इसरला वाट्टे," दुसरी म्हणाली.

"ओरडले तर हरणं पळतील," मी कारण दिलं.

"नाही ओरडली तरी पळतीन. थे काय तुह्यासाठी थांबले?"

ओरडायचं म्हणजे काय करायचं, हे मला खरोखर आठवेना. आमच्या इंग्रजी शाळेत वर्गात मोठ्याने बोलणं वाईट आणि मराठीत बोलणं त्याहून वाईट. काकू तिकडे वाट पाहत उभ्या होत्या. कळपातलं एक हरण चालू लागलं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, म्हणजे निदान बायका दिसल्या नसत्या, आणि छातीत होता तेवढा आवाज काढला.

"काकूऽऽ! डावीकडेऽऽ! इकडे बघाऽऽ!"

काकू दचकून दोन पावलं डावीकडे झाल्या, माझ्याकडे वळल्या आणि खदखदून हसल्या. त्याच क्षणी त्यांच्या मागे सगळ्या हरणांनी माना वर केल्या. काळवीटही मोकळा दिसला. मी बटण दाबून धरलं. पुढच्या क्षणाला कळप उड्या मारत निघून गेला. त्या उड्यांचा एकही फोटो नीट आला नाही. ब्रिज तेवढा चपळ नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं.

"आला ना वं आवाज!" मागून बाई म्हणाली. "आता चप्पल हुडक."

काकूंनी फोटो पाहिला. मग बोटाने मोजल्यासारखं केलं: "हे मी. हे वावर. हे हरनं." घरी जाऊन आम्ही तो लगेच भावाला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. रात्री जेवताना काकूंनी फोन ताटाशेजारी ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी मी परत निघाले. तोवरही काही आलं नव्हतं. काकूंनी पिशवीत सोले भरून दिले आणि म्हणाल्या, "फोटो त आपल्यापाशी हाय ना, मंग झालं." पण फाट्यावर त्यांनी दोनदा फोन उघडून पाहिला.

सोमवारी पुण्यात पोचले आणि सहकाऱ्याला डीएसएलआर परत दिला. चुलीपुढच्या फोटोमुळे तो देणं थोडं जिवावर आलं, ते खरं. मामाला ब्रिज घेते म्हणून कळवलं. गटातल्या एकाने विचारलं, "झूमसाठी?" मी हो म्हटलं. लांब राहता यावं म्हणून मला तो हवा होता, आणि त्याच लांबीने मला भर वावरात ओरडायला लावलं, हे त्याला कसं सांगणार?

संध्याकाळी काकूंचा आवाजी निरोप आला.

"भाऊ म्हनते, एवढ्या जोळ हरनं उभे राह्यतच नाही, मोबाईलवर चिटकवले तुमी. म्हटलं, मंग ये अन् सोताच्या डोयानं पाह्य. रविवारी येऊन राह्यला थो. भाकरी जास्त टाकाव लागतीन. तू बी कधी येतं थे सांग."

मी सवयीप्रमाणे उत्तर टाइप करायला घेतलं. मग ते खोडलं, माइकचं बटण दाबलं आणि माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुली ऐकत होत्या तरी मोठ्याने म्हटलं, "काकू, येते. तुमच्या भावाला सांगा, हरणं चिकटवलेली नाहीत. मी ओरडले म्हणून त्यांनी मान वर केली."