न केलेली सही

गायकवाड मॅडम गेल्याची बातमी मला ऑफिसात डबा खाताना कळली. बारावीच्या बॅचचा आमचा एक ग्रुप आहे. एरवी तिथे वाढदिवस आणि सणांचे फोटो याखेरीज काही येत नाही. त्या दुपारी मॅडमचा फोटो आला, फुलांच्या चौकटीत बसवलेला, आणि खाली ओळ होती, ‘आयटी विषयाच्या मृदुभाषी, मनमिळाऊ शिक्षिका.’ डबा तसाच मिटला. दुःखाआधी मला रागच आला. मी लिहिलं, ‘मॅडम मृदुभाषी नव्हत्या.’ मग एकीने लिहिलं, ‘मनमिळाऊही नव्हत्या.’ तेव्हा कुठे मला रडू आलं.

आम्ही धायरीचे. शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी घरातलं बोलणं गावचंच राहिलं. अकरावीला मी आर्ट्सला गेले आणि आयटी हा विषय घेतला, तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काही उमजेना. ‘आर्टला हायेस ना? मग काम्प्युटर कशापायी?’ असं ते विचारायचे. मला भूगोल नको होता, एवढंच. कॉलेजात कॉम्प्युटर लॅब होती. म्हणजे दार होतं, दारावर पाटी होती आणि पाटीखाली कुलूप होतं. आतली मशीन प्लास्टिकच्या कव्हरांत झाकलेली असायची. तपासणीला कोणी आलं की कव्हरं निघायची. आमच्या आधीच्या मुली प्रॅक्टिकलच्या तासाला वर्गात बसून वेबपेजचा कोड फळ्यावरून वहीत उतरवत. या विषयाची बोर्डाची परीक्षा मात्र कॉम्प्युटरवरच होते. त्यामुळे कित्येकींच्या हाताला पहिला माऊस लागायचा तो थेट परीक्षेच्या दिवशी.

मॅडम त्याच वर्षी कंत्राटावर रुजू झाल्या. कोथरूडहून स्कूटरवर यायच्या आणि हेल्मेट काढता काढताच बोलायला सुरुवात करायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लॅबची किल्ली मागितली. प्राचार्यांनी समजावलं, की आर्ट्सच्या मुली आहेत, मशीन बिघडवून ठेवतील. मॅडम म्हणाल्या, बिघडवू देत, म्हणजे दुरुस्तीही शिकतील. किल्ली मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला वर्गातून उठवलं आणि लॅबच्या बंद दारासमोर, व्हरांड्यातल्या फरशीवर बसवलं. इथे का, असं एकीने विचारलं.

“वेळापत्रकात लॅब लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या. “लॅबपर्यंत आपण आलोय. पुढचं कॉलेजने बघावं.”

पुढचा महिनाभर प्रत्येक प्रॅक्टिकलचा तास तिथेच झाला. येणारे-जाणारे आमच्या मधून वाट काढत. शिपाई कंटाळला, बाकीचे शिक्षक हसले, मॅडम शिकवत राहिल्या. पालकसभा नेमकी त्याच वेळेला ठेवलेली होती, आणि सगळ्या पालकांना आमच्यावरून पाय टाकत सभागृहात जावं लागलं. त्यात अण्णाही होते. सभेत प्राचार्यांनी काही शंका आहेत का म्हणून विचारलं, तसे अण्णा उभे राहिले आणि त्यांनी एवढंच विचारलं, की कुलूप आतल्या यंत्रांसाठी हाय का आमच्या पोरींसाठी. पुढच्या आठवड्यात लॅब उघडली.

आत गेल्यावर मॅडम प्रेमळ झाल्या असतील, असं वाटत असेल तर तसं काही नाही. मी पहिलं वेबपेज आमच्या म्हशींवर केलं होतं : नाव, वय, स्वभाव, असा तक्ता. एका ठिकाणी कोडमधली एक खूण, म्हणजे टॅग, बंद करायची राहिली आणि सगळं पान विस्कटलं. मी तासभर रडवेली होऊन बसले. मॅडम म्हणाल्या, “कॉम्प्युटरला तुझी दया येत नाही. मलाही येत नाही. वाच परत.” मी वाचलं. चूक सापडली. म्हशी सरळ रांगेत उभ्या राहिल्या. त्यावर शाबासकी नाही. एका म्हशीचं वय स्वभावाच्या रकान्यात गेलंय, एवढं दाखवून मॅडम पुढच्या मुलीकडे वळल्या. त्या दिवशी घरी जाताना मला मात्र आपण काहीतरी भलतंच मोठं केल्यासारखं वाटत होतं.

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा आली. वर्गात मुलगे मोजकेच होते; संस्थेच्या एका विश्वस्तांचा पुतण्या त्यांतलाच. तो लॅबकडे कधी फिरकला नव्हता, परीक्षेलाही आला नाही. संध्याकाळी मी मशीन झाकत होते, तेव्हा प्राचार्य मार्कांचा कागद घेऊन आत आले. त्याच्या नावापुढे मार्क भरलेले होते, मॅडमची सही तेवढी राहिली होती.

“मॅडम, एका सहीचा तर प्रश्न आहे,” प्राचार्य म्हणाले.

“म्हणूनच करत नाहीये,” मॅडम म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावून त्यांनी ते पर्समध्ये टाकलं.

त्या मुलापुढे ‘गैरहजर’ लागलं. आमचा निकाल लागायच्या आत मॅडमचं कंत्राट संपलं ते संपलंच. आम्ही सात-आठ जणी संस्थेच्या कार्यालयात गेलो, अर्ज दिला. कोणीतरी आम्हाला अभ्यासात लक्ष घालायला सांगितलं. मॅडम शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावच्या एका कॉलेजात लागल्या. कोथरूडहून तेवढ्या लांब रोज स्कूटर हाकत राहिल्या, आजार अंगावर येईपर्यंत. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पाठ दुखते.

घरी पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर आमच्या कॉलेजने शोकसभा घेतली. निवृत्त प्राचार्य मंचावर होते. मॅडमनी संस्थेसाठी खूप केलं आणि वैयक्तिक कारणाने त्या सोडून गेल्या, असं ते बोलले... मी उठले. माइक मागितला नाही, हॉल लहान होता. म्हटलं, “सर, मॅडम सोडून गेल्या नाहीत. खोट्या मार्कांवर सही केली नाही म्हणून त्यांना काढलं. मी तिथे उभी होते.” प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. शेजारी बसलेले अण्णा पुढे बघत म्हणाले, “खरं हाय त्ये.” नंतर दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ही जागा नव्हती, ही वेळ नव्हती. मग कुठली होती, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

शेवटची भेट राहिलीच सांगायची. मॅडम जायच्या आधी काही आठवडे मी कोथरूडला त्यांच्या घरी गेले होते. मॅडम खिडकीशी बसून हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर तपासणीची तारीख बदलत होत्या. बोटं थरथरत होती. दर वेळी भलतंच बटण दाबलं जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला राहवलं नाही, मी फोनकडे हात नेला.

“हात मागे,” मॅडम म्हणाल्या.

लॅबमध्ये त्या अशाच उभ्या असायच्या, आमच्या खुर्चीमागे, दोन्ही हात पाठीशी बांधून. दोन वर्षांत त्यांनी आमच्या एकाही माऊसला बोट लावलं नाही. मी हात पाठीशी नेले आणि उभी राहिले. पुष्कळ वेळ लागला. तारीख बदलली.

आता ऑफिसात नव्या आलेल्या मुली माझ्या हाताखाली असतात. एखादी अडते, मागून साहेब घाई करतात, तूच करून टाक म्हणतात. मी म्हणते, ती करतेय. आणि हात मागेच ठेवते.