अबेनाताईंच्या कादंबरीतलं ते पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढे बसते तेव्हाही एवढं सोडून बाकीचं बोलते. तुम्ही ओळखीचे नाही— म्हणूनच जमतंय का? असेल.

इथं आयर्लंडात, ड्रोहेडाला, आमच्या शेजारी अबेनाताई राहायच्या. घाना देशातल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून मी ताई म्हणायचे, त्या मला सिस्टर. बाई केवढी मोठी, हे मला उशिरा कळलं. तिथल्या राजधानीत, अक्राच्या वर्तमानपत्रात तीस वर्षं काढलेली. सुरुवातीला पाककृती लिहायला बसवलं होतं, तर ह्या बाई कालवणाच्या कृतीतच मासळी का महागली आणि बंदरावर कोण हात मारतं, तेही घालायच्या. पुढे सरकारनं कचेरीला कुलूप लावलं. मग बाजारात कापड विकत बसल्या आणि ठाणांच्या आड कादंबरी लिहिली. अशा चार कादंबऱ्या. म्हातारपणी मुलीकडे आल्या— ग्रेस इथं नर्स आहे— आणि काचबिंदूनं दृष्टी गेली. पाचवी कादंबरी डोक्यातच अडकली.

मी सातवी शिकलेली. इंग्रजी शिकले ती नातवाच्या पुस्तकांवरून, पण अक्षर माझं चांगलं. ग्रेस आईला म्हणाली, फोनमध्ये बोलून ठेव. तर ताई म्हणाल्या, फोन मध्येच हसत नाही. मग ठरलं— दुपारी त्या आमच्याकडे यायच्या, सांगायच्या, मी वहीत लिहायचे. दोन वर्षं. आणि एक नेम— उठण्याआधी सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं. संपादकानं एक शब्द बदलला म्हणून ह्या बाईनं एकदा राजीनामा दिला होता.

येते, मुद्द्यावर येते.

कादंबरीत एक शेजारीण होती. परदेशातून आलेली, बडबडी, साडीवर स्वेटर घालणारी. मीच की. मी खूश. एका दुपारी ताई जरा थांबल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या— ही शेजारीण आंधळ्या पाहुणीला रोज चहा देते, पण तिचा कप वेगळा. काठाचा टवका उडालेला. पाहुणीला दिसत नाही, ओठांना कळतं. आणि पाहुणी बूट चढवत असते तेव्हा तो कप सगळ्यांच्या कपाटात जात नाही, दुसऱ्याच दाराचा आवाज येतो.

होतं तसं. सिंकखालच्या प्रेसमध्ये— इथं कपाटाला प्रेस म्हणतात— फिनाइलच्या बाटलीशेजारी मी ठेवायचे तो कप. त्या काळ्या होत्या म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. हे कुठं शिकले ते सांगत नाही. ती सबब होईल.

माझं पेन थांबलं नाही. पण मी काय लिहिलं? लिहिलं, की शेजारीण आपल्या लग्नातल्या सेटमधला कप तिच्यासाठी काढते.

"लिहिलंस, सिस्टर?"

"हो, ताई."

"वाच."

मी वाचलं. त्यांचेच शब्द, जसेच्या तसे, नुकतेच ऐकलेले— कागदावर नसलेले. कागदाकडे बघत वाचले.

"सगळ्यात अवघड पान होतं," ताई म्हणाल्या, "आणि ते तू लिहिलंस."

दुसऱ्या दिवशी मी चांगला कप काढला. चांगुलपणानं? नाही हो. पकडले गेले होते म्हणून. त्यांनी एक घोट घेतला आणि पुढचं पान सांगायला लागल्या.

त्या हिवाळ्यात ताई गेल्या. ग्रेसनं वहीवरून पुस्तक छापलं. लायब्ररीत कार्यक्रम झाला, तर तिनं मला पुढे बोलावून नेमकं तेच पान वाचायला लावलं. माझं पान. लोकांनी डोळे पुसले. एक आयरिश बाई म्हणाली, शेजार असावा तर असा. मी काय केलं असेल? हात जोडले. हसून हात जोडले.

नंतर ग्रेसनं विचारलं, आईनं आणखी काही सांगितलं होतं का, वहीत न आलेलं? मी म्हटलं, नाही.

त्याला चार वर्षं झाली. ताईंचं ते खरं पान आता फक्त माझ्या डोक्यात आहे. परवा लिहून काढायला बसले. पहिली दोन वाक्यं आली. तिसरं त्यांचं होतं की मीच रचलं— मलाच कळेना.