हमीदचा मचवा

हमीद गेल्याचा फोन मला त्याच्या घरून आला नाही, सराफाच्या पेढीवरून आला. पेढीचे धाकटे शेठ म्हणाले, "काका, बातमी चांगली नाही. हमीदचाचा सकाळी गेले." मी "अरेरे" म्हटलं, खुर्चीत बसलो. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता ते नाणं बदलेल. पन्नास वर्षांचा मित्र गेला आणि मला आधी नाणं आठवलं... त्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही आता होऊन गेला आहे. लिहायचंच तर ही गोष्ट लपवून लिहिता येणार नाही.

आम्ही दोघं भिवंडीत एका लूम कारखान्यात कापडाची डिझाईनं ग्राफवर उतरवायचो. टेबल एकच, समोरासमोर बसायचो. मी पूर्ण्याचा, खाडीकाठच्या घरातला. तो शहरातला, कोकणी मुसलमान घरातला, वडिलांचं कापडाचं दुकान. माझी रेघ सरळ यायची, त्याची जिवंत यायची. मालक माझ्या ग्राफवर चुका शोधायचे, त्याच्या ग्राफवर हात फिरवायचे. मी रोज त्याच्याच डब्यातली कालवणं खायचो आणि रोज त्याच्यावर जळायचो. दोन्ही एकाच वेळी जमत होतं.

तेव्हा मोठे शेठ हयात होते. दिवाळीला पेढीवर दहा ग्रॅमची चांदीची नाणी विकायची, पण मुंबईहून आणलेली नकोत, आपल्या गावाची खूण असलेली हवीत, असं त्यांनी ठरवलं. आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाले, "भिवंडीचं काहीतरी काढून आणा. ज्याचं आवडेल त्याचा ठसा कोरून घेऊ." मी मागावरचा धोटा काढला, त्यातून निघणारा धागा नाण्याच्या कडेनं फिरवला. पंधरा दिवस खपलो. हमीदनं मचवा काढला. पूर्वी आमच्या खाडीतून गवत आणि तांदूळ मुंबईला नेणारी शिडाची मोठी होडी, तो मचवा. दाखवायला न्यायच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. "रम्या, तू खाडीवरचा. बघ, बरोबर हाय ना?"

बघता क्षणी दिसलं. शीड पुढं फुगलेलं होतं, म्हणजे वारा मागून. पण डोलकाठीवरचा वावटा, ते लहानसं निशाण, मागं फडकत होतं. असं होत नसतं. वारा एकच असतो. शीड जिकडं, वावटा तिकडं. माझ्या बापाचा मचवा होता, पाच वर्षांचं पोरही आमच्या घरात हे सांगू शकलं असतं. हमीद कधी शिडाच्या होडीत बसला नव्हता. धावत्या मोटारीवर झेंडा उडतो तसा त्यानं वावटा उडवला होता. मी कागद परत दिला. म्हटलं, "झकास."

मला वाटलं, शेठ हसतील. शेठ हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावून कागद धरला आणि म्हणाले, "ह्यात वारा वाहतोय." माझा धोटा त्यांनी उघडून पाहिला, छान आहे म्हणाले आणि गुंडाळून दिला.

मग तीसेक वर्षं ते नाणं चाललं. मी वाट पाहत राहिलो, कुणीतरी चूक दाखवेल. कुणी दाखवली नाही. ज्यांना दिसली असती त्या खाडीवरच्या माणसांची तेव्हा चांदी घ्यायची ऐपत नव्हती, आणि जमिनींवर गोदामं उभी राहून ऐपत आली तोवर शिडाचे दिवस सरले होते. बारशाला मचवा, लग्नात मचवा, नवी गाडी घेतली की डॅशबोर्डवर मचवा. माझ्या मुलीच्या बारशाला सात आले, त्यातला एक खुद्द हमीदनं आणलेला. माझी बायको सुमन दर लक्ष्मीपूजनाला त्या नाण्याला हळदकुंकू वाहायची आणि मी शेजारी हात जोडून उभा असायचो. एकदा ती म्हणाली, "भावोजींचा हात किती गोड आहे." मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिला कारण कळलं नाही.

गेल्या वर्षी धाकट्या शेठनी आम्हाला पेढीवर बोलावलं. नाणं बदलावं का, हा प्रश्न होता. नवी गिऱ्हाइकं विचारतात, ही होडी कसली? लेझरवर लक्ष्मी सुंदर निघते, काही म्हणतात कमळ करा. हमीद तेव्हाच खूप वाळला होता, पण आला. मी मात्र तयारीनं गेलो होतो. खाडी गाळानं भरली, मचवा पाहिलेला माणूस उरला नाही, पोरांना ठाऊक नसलेली गोष्ट नाण्यावर कशाला, असं बरंच बोललो. घरी इतकं सलग मी कधी बोललो नसेन. पिशवीत माझ्या जुन्या धोट्याचा कागदही होता. तो बाहेर काढायच्या आत हमीद म्हणाला, "बदला, शेठ. माझ्या मचव्यात चूक हाय."

त्याच्या नातीनं मोबाईलवर शिडाच्या होड्यांची शर्यत लावून दिली होती, ती बघता बघता त्याला ते दिसलं होतं. त्यानं बोटानं नाण्यावर वावटा दाखवला. "इतकी वर्सं उलटा उडतोय. लोकांच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवला मी..." शेठ म्हणाले, विचार करतो.

पायऱ्या उतरताना त्यानं माझा दंड धरला होता. खाली आल्यावर विचारलं, "रम्या, तुला कधी दिसलं न्हाय?"

"न्हाय रे," मी म्हटलं.

"तेच. दिसलं असतं तर तू सांगितलंच असतंस." आणि तो रिक्षात बसला. त्यानंतर तो मला भेटला तो दवाखान्यात, बोलण्याच्या पलीकडे गेलेला.

चाळिसाव्याला गेलो तेव्हा हमीदच्या बायकोला, सकीनाभाभींना, मी सगळं सांगितलं. त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं होतंत." एवढंच. मग चहा आणायला आत गेल्या, आणि तो चहा मला प्यावा लागला.

धाकट्या शेठनी काम मलाच दिलं. "काका, तुमच्या मनाचं काहीही काढा." धोटा काढायची मुभा मिळाली, अखेर. चार दिवस तो कागद समोर घेऊन बसलो, पाचव्या दिवशी हमीदचा मचवा घेतला आणि फक्त वावटा फिरवला. शेठनी नमुन्याची थोडी नाणी पाडून काउंटरवर जुन्यांशेजारी मांडली.

मी तिथंच होतो तेव्हा शेलार गावच्या एक बाई नातवासाठी नाणं घ्यायला आल्या. दोन्ही तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिली. शेठनी समजावलं, हे नवं, यात चूक सुधारली आहे. त्यांनी माझं नाणं परत ठेवलं. "जुनाच दे रं. यो बराबर असंल, पन यो मेल्यासारखा दिसतंय."

शेठ ओशाळून माझ्याकडं बघू लागले. मी त्या बाईंच्या हातातला मचवा पाहिला. शीड एकीकडं, वावटा दुसरीकडं, आणि खरंच, तो चालला होता. माझा उभा होता. छातीत तीच जुनी आग उठली, टेबलासमोर बसून उठायची ती, तितकीच गरम. मी शेठना म्हटलं, "जुनंच चालू ठेवा. माझी वितळवून टाका." आणि रागारागानं बाहेर पडलो, रिक्षा केली, आणि रिक्षावाल्यानं कुठं म्हणून विचारलं तेव्हा हमीदच्या गल्लीचं नाव सांगून बसलो.