तुले किती पायजे?

नांदुऱ्याच्या पुढे एका खेड्यात राहणाऱ्या आमच्या काकांनी जन्मात कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही. रस्ता विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणणं त्यांच्या इतकं जिवावर येतं, की ते त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून स्वतःच निघतात. असे एकदा धामणगाव बढ्याला पोचले, तिथे दोघांनी मिळून तिसऱ्याला रस्ता विचारला आणि काका दिवेलागणीला एसटीने परत आले. एका लग्नात फोटोग्राफर 'हसा' म्हणाला, तर पंगत उठेपर्यंत हसत होते. "याईचं काय सांगता," काकू म्हणतात, "चोर आला तरी 'बसा, चहा घ्या' म्हणतीन."

अशा माणसाच्या शेताची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. माझी पहिली नोकरी. मोठ्या खरेदीदारांना आता नुसता कापूस पुरत नाही. तो पिकवताना पाणी किती लागलं, औषध किती मारलं, माती जिवंत राहिली का, हेही हवं असतं. मी ते विचारून मोबाइलवर भरायचे. मग बाहेरून पडताळणीला एक साहेब येऊन गावातल्या शेतकऱ्यांच्या गटातल्या एखाद-दुसऱ्याला तेच विचारणार. उत्तरं जुळली नाहीत तर तो एकटा नाही, सगळा गट बाद.

"काका, कपाशीवर फवारे किती मारले?"

"तुले किती पायजेत?" पोळ्या वाढाव्यात तसं त्यांनी विचारलं.

"खरे किती, ते."

"लिही ना बेटा, तुह्या सायबाले बरे वाटतीन तेवढे."

मग माती जिवंत आहे का पाहायला मी खड्डा खणून गांडुळं शोधली. कोरड्या मातीत एकही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्याच खड्ड्यात शेणखताच्या ढिगातली ओंजळभर गांडुळं आणून सोडलेली. "पाहुणी रिकामी गेली," काका म्हणाले, "मले झोप नाही लागली."

चिडायला हवं होतं, पण मला नीट चिडताही येत नाही. मुळात मी अबोल, त्यात इंग्रजी शाळेतली. पुढचं वाक्य मराठीत जुळवेपर्यंत समोरचा उठून जातो. त्या दिवशीही काही सुचेना, म्हणून बांधावरच्या कडुलिंबाखाली नुसती बसून राहिले. आणि तेव्हा कळलं, काकांना शांतता अजिबात सोसत नाही. थोड्या वेळाने ते आपणहून सुरू झाले. बोंडअळी पाहून घाबरून मारलेला जास्तीचा फवारा, मोटर चालू ठेवून लग्नाला गेले ती रात्र ("वावराचं तळं झालं ना मंग!"); शेणखत पोचलंच नाही तो खालचा तुकडा. सगळं. ऑफिसात माझ्या गप्प बसण्याबद्दल तक्रारी होत्या. इथे त्याला पीक आलं.

पडताळणीला नेमकं काकांचंच नाव निघालं. गटाने कपाळाला हात लावला. साहेब ओसरीवर बसले, पेन काढलं. "फवारे किती मारले?"

काका प्रसन्न हसले. "सायेब, तुमाले किती..."

साऱ्या गटाचं वर्ष त्या वाक्याला टांगलं होतं. आणि मी, जिला एसटीत 'गाडी थांबवा' म्हणायलाही लाज वाटते, बोलून गेले, "सर, थोडा वेळ काही विचारू नका ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. काकूंनी भांडी घासणं थांबवलं. काका चुळबुळले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि बोंडअळीपासून सुरू झाले. तळ्यासकट. गांडुळांसकट. साहेब हसू दाबत लिहीत होते.

माझ्या नोंदींशी सगळं जुळलं. चुका सुधारायला सांगून साहेबांनी गट पास केला. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, इतके वर्षं झाले, मले काऊन नाही सुचलं हे? मीच बोलून राह्यली होती!"

आता मी पुण्यात असते. गावोगावचे आकडे माझ्यापुढे येतात. एखादा फारच मनासारखा असला, की मी तो पुन्हा तपासायला पाठवते. ही सवय काकांची देणगी. आपल्या गप्प बसण्याची लाज वाटेनाशी झाली, हीसुद्धा.

परवा फोन केला. "काका, तब्येत कशी आहे?"

"तुले कशी पायजे?"

मी फोन कानाला लावून नुसती बसून राहिले. पलीकडे पंखा फिरत होता, लांब कुठेतरी मालगाडी जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

"गुडघे लय दुखून राह्यले बेटा," मग काका हळूच म्हणाले. "यंदा वावरात जाणं होत नाही."