उरलेला बोल्ट

लढाईत रणगाडे दुरुस्त करून परतलेला एक माणूस आमच्या मावला गावात स्वतःच्या आराखड्याचे पाण्याचे पंप बनवायचा. गिऱ्हाईक रांगेत उभं राहिल्याशिवाय तो बोलायचा नाही, मग ते एकटंच का असेना.

मोठं गिऱ्हाईक आलं की डोळ्यांना पट्टी बांधून सुट्या भागांचा पंप जोडून दाखवायचा. पट्टी बांधायचं काम माझ्याकडे, कारण शाळामास्तर लबाडी करत नाही असा लोकांचा समज.

एकदा निर्मल गावचा एक व्यापारी दहा पंप घ्यायला आला. जोडणी संपली आणि उरलेला एक बोल्ट घरंगळत माझ्या पायाशी आला.

"गुरुजी, अर्धं पाऊल पुढं," पट्टीआडून तो शांतपणे म्हणाला.

मी बोल्टवर चप्पल ठेवली. पंपाने भदाभदा पाणी ओढलं आणि व्यापाऱ्याने दहाही पंप नक्की केले.

व्यापारी गेल्यावर मी बोल्ट पुढे केला.

"परत काऊन देऊन राह्यले? त्याच्याबिगर चालला ना पंप."

पुढच्या पंपांत त्याने तो बोल्ट ठेवलाच नाही, आणि ते झकास चालले. आमच्या विहिरीवरच्या पंपाला मात्र मी तो बसवून घेतला, रांगेत एकटाच उभा राहून.