खर्डीचं ऊन

मिरच्या वाळत घालण्याआधी सुगंधा मोबाइलवर ऊन बघायची, तरी आभाळाकडेही बघायचीच. चप्पल दारात न काढता आत न्यायची. हाक आली की आधी खिडकीतून डोकावायची. मुरबाडच्या नवऱ्याचा मार चुकवून ती खर्डीला मावशीकडे लपली होती.

हवामानाचं ॲप तिच्या मैत्रिणीने, दिशाने घालून दिलं. "गावाचं नाव टाक गो, नीट कळंल."

फोनमधलं खातं नवऱ्याचं आहे, हे दिशाच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या मोबाइलवरही तेच खातं होतं; ॲपमधल्या गावांच्या यादीत मुरबाडखाली खर्डीही दिसू लागली.

बुधवारी तो दारात उभा राहिला. "खर्डीला ऊन बरं हाय म्हनं," एवढंच म्हणाला.

दिशा धावत पोचली तेव्हा तो सुगंधाला घेऊन गेला होता. परातीतले भिजवलेले वाल अर्धेच सोललेले होते.